बाहेरचे बूट

वडिलांचे बूट मी देऊन टाकले. इथवर कोणाचा आक्षेप असायचं कारण नाही. गेलेल्या माणसाचे बूट ठेवून करायचं काय? आक्षेपाची गोष्ट एवढीच, की त्या खोक्यात बूट नव्हते. जाड वहीएवढी एक हार्ड डिस्क होती, तिची वायर होती, आणि झाकणाच्या आतून चिकटवलेला चार ओळींचा कागद होता. हे मला खोकं दिल्यानंतर सोळाव्या दिवशी कळलं, आणि तेसुद्धा खालच्या मजल्यावरचे टेलिफोनवाले काका आमच्या दारातल्या चपला एकेक करून झटकत असताना.

पण क्रमाने सांगते. बाबा असते तर म्हणाले असते, आधी कर्ता, मग कर्म, मग क्रियापद. एवढी घाई कसली?

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर पेन्सिल घरी आली एवढाच फरक. किराणामालाची यादी, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, त्यांच्या तावडीतून काही सुटत नसे. मी अकरा वर्षांची असताना वसतिगृहातून त्यांना पत्र लिहिलं, तर आठ दिवसांनी तेच पत्र तपासून परत आलं. 'तिर्थरूप'मधली वेलांटी दुसरी हवी, हे मला पलंगावर बसून रडता रडता कळलं. खाली शेरा होता : 'मजकूर चांगला.'

त्यांचं खरं वैर होतं ते शब्दावरच्या टिंबाशी. बोलताना ते तुमच्याआमच्यासारखंच 'केलं, गेलं, घरातलं' म्हणायचे. पण लिहिताना 'केले, गेले, घरातले'. मी एकदा वाद घातला, तर म्हणाले, "बोलताना माणूस पायजम्यात असतो. लिहिताना त्याने नीट कपडे घालावेत." मी नोकरीला लागल्यापासून पायजम्यातच लिहिते आहे. त्यांनी ते पाहिलं, पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली. ही त्यांची माझ्यावरची सर्वांत मोठी सवलत.

तर दोन वर्षांपूर्वी त्यांचा संगणक बंद पडला. मी फोनवर सांगितलं, "बाबा, नवीन घ्या." त्यांनी घेतला नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते वाचनालयातून पुस्तकं आणून बसले, आणि महिन्याभराने त्यांनी जाहीर केलं, की आतली डिस्क मेली असली तरी संगणकाची सगळी प्रणाली एका बाहेरच्या डिस्कवर चढवता येते, आणि यंत्र तिथून उठवता येतं. दर रविवारी फोन. "येऊन बघून जा. चार मिनिटांत उठतो."

"पुढच्या महिन्यात नक्की, बाबा."

मी त्यांच्यापासून दोन तासांच्या अंतरावर राहते. हे वाक्य त्यांनी तपासलं असतं तर 'दोन'च्या आधी खूण करून 'फक्त' घातलं असतं.

मग एका मंगळवारी, भलत्याच वेळी, फोन आला. "तुझ्यासाठी त्यात एक खातं उघडलंय. परवलीचा शब्द सांगतो, लिहून घे."

"त्यात आहे काय पण?"

"येऊन बघ. लिहून घे आधी." आणि त्यांनी अक्षर अक्षर सुटं करून, वेलांट्यांसकट सांगितलं. शेवटी म्हणाले, "त्यात एक चूक मुद्दाम ठेवली आहे. बरोबर शब्द कोणीही ओळखेल. चूक ज्याची त्यालाच माहीत असते. लिहिलंस?"

"लिहिलं."

"वाचून दाखव."

"बाबा, मीटिंग आहे. ठेवते."

पुढच्या महिन्यात मी गेले, पण घरी नाही, हॉस्पिटलात. बाबांच्या तोंडावर मास्क होता. तिसऱ्या दिवशी ते मला बघून हात हलवून सांगू लागले, "बाहेरचं बूट." दोनदा म्हणाले.

आई म्हणाली, "आहेत हो, बाहेरच आहेत. रॅकवर आहेत. घरी गेल्यावर घाला."

बाबांनी डोळे मिटले. मग उजव्या हाताचं बोट उचलून त्यांनी हवेत एक रेघ मारली आणि तिच्या टोकाला वाटोळी गाठ दिली. छापखान्यात या खुणेचा अर्थ असतो : हे काढून टाका. आम्ही त्यांच्या अंगावरची चादर काढली. त्यांना थंडी वाजली, म्हणून परत घातली.

बोलताना बाबा टिंब देत. पण मास्कमधून टिंब ऐकू येत नाही.

त्यांना जाऊन दोन आठवडे झाल्यावर मी कपाट आवरायला घेतलं. आईला ते जमणार नव्हतं आणि मला कामाची घाई होती. सात सदरे, एक कोट, आणि टेबलाखालच्या फळीवर बुटाचं एक खोकं; वर लाल पेन्सिलीने, छापल्यासारख्या अक्षरात, 'बाहेरचे बूट'. मी ते उघडलं नाही. वापरलेल्या बुटांत पायाचा आकार राहतो, आणि तो त्या दिवशी बघायची माझी तयारी नव्हती. सगळं दोन पिशव्यांत भरून वापरलेल्या वस्तू घेणाऱ्या संस्थेत देऊन आले. त्यांनी पावती दिली. मी तिच्यावरचं शुद्धलेखन तपासलं. ही सवय रक्तातून येत असावी.

मग खोकं देऊन आल्याच्या सोळाव्या दिवशी आई म्हणाली, "त्यांनी तुझ्यासाठी त्या संगणकात काहीतरी करून ठेवलंय ना? लाव बघू. मला एकदा तो चालू झालेला बघायचाय."

मी बटण दाबलं. पंखा घुरघुरला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ आली. तिचं मराठी असं : उठण्यासारखं काही सापडलं नाही.

आईने विचारलं, "काय म्हणतोय?"

मी म्हटलं, "थोडा वेळ लागेल म्हणतोय."

पंखा बहुधा खालपर्यंत ऐकू गेला असावा, कारण टेलिफोनवाले काका वर आले. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली, पण ज्या वस्तूला वायर आहे ती आपल्या अखत्यारीत येते, अशी त्यांची समजूत आहे. "बंद कर. दहापर्यंत मोज. चालू कर," ते म्हणाले. आम्ही तिघांनी मिळून दहापर्यंत मोजलं. उठण्यासारखं काही सापडलं नाही. "हं. म्हणजे वीसपर्यंत मोजायला हवं होतं." वीसपर्यंत मोजलं. मग काकांनी मागच्या सगळ्या वायरी काढल्या, फुंकर मारली आणि परत लावल्या. एक उरली. ती कुठली हे शेवटपर्यंत कळलं नाही. काकांनी तिला नीट गुंडाळी करून खिशात घातलं, पुरावा ठेवावा तसं.

"वहिनी, जुन्या मशिनांचं असंच असतं. यांचा मालकाशी जीव जडतो." हे त्यांनी आईला सांगायची गरज नव्हती. आई आत जाऊन चहा ठेवू लागली.

शेवटी दुरुस्तीवाला बोलावला. त्याने यंत्राची बाजूची पाटी काढली आणि आत डोकं घातलं. "ताई, आतल्या डिस्कची वायरच काढून ठेवलीय कोणीतरी. आणि तिच्यावर चिठ्ठी आहे."

"काय लिहिलंय?"

त्याने वाचून दाखवलं. "'मृत. पुढे बाहेरचे बूट पाहावे.'" तो डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघू लागला. "बूट?"

"बाहेर बघा म्हटलंय तर बघू या," काका म्हणाले आणि दाराबाहेर गेले. माझ्या सांगण्याने थांबतील तर ते काका कसले! त्यांनी रॅकवरचा एकेक बूट उचलून आत हात घातला, उलटा करून झटकला, टाचेवर टकटक केलं. समोरच्या काकू दार उघडून बघायला लागल्या. "काय हरवलं?"

"बूट बघतोय," काका म्हणाले.

"हातात तर आहे."

"आत काहीतरी असणार. साहेबांनी लिहून ठेवलंय."

काकूंनी डोळे मोठे केले आणि स्वतःची चप्पल उचलून आत नेली. त्या चपलेच्या रवानगीचा मला अजून राग आहे. आमच्या घरातल्या कोणी आजवर कोणाच्या चपलेकडे वाकडी नजर टाकलेली नाही.

एवढ्यात आतून दुरुस्तीवाल्याचा आवाज आला. "ताई, थांबा, थांबा. बूट म्हणजे पायातले नव्हेत हो! बूट म्हणजे मशीन बूट होतं ते. बाहेरच्या डिस्कवरून बूट करायचं म्हणतायत. कुठेय ती डिस्क?"

आता जरा व्याकरण, त्याला इलाज नाही. बाबांच्या लेखी संगणक उठवण्याची क्रिया म्हणजे 'ते बूट' : नपुंसकलिंग, एकवचन. तुम्ही-आम्ही लिहू, 'बाहेरचं बूट'. ते टिंब दिसलं असतं तर मला निदान शंका आली असती, कारण पायातला बूट पुल्लिंगी असतो आणि जोडीने राहतो. पण बाबा नीट कपडे घालून लिहीत. त्यांनी लिहिलं 'बाहेरचे बूट', आणि मी वाचले ते दोन.

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "म्हणजे हॉस्पिटलात ते..."

"हो."

"आणि मी म्हटलं रॅकवर आहेत."

तिने ट्रे खाली ठेवला. काकांनी हातातला बूट जागेवर ठेवला, मग तो सरळ केला.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेले. तिथे दोन खिडक्या आहेत : 'वस्तू देणे' आणि 'वस्तू मिळणे'. मी पहिल्या खिडकीशी उभी राहिले. साखळीचा चष्मा लावलेल्या बाईंनी विचारलं, "काय देताय?"

"दिलेलं परत हवंय."

बाईंनी चष्मा काढला. "परत? त्याला फॉर्म नाही. दिलेलं परत मागायला आजवर कोणी आलं नाही. पलीकडच्या खिडकीत जा."

पलीकडच्या खिडकीत गेले. थोड्या वेळाने त्याच बाई तिथे येऊन बसल्या आणि मला प्रथमच पाहत असल्यासारखं म्हणाल्या, "बोला." त्यांनी गरजू व्यक्तींसाठीचा अर्ज पुढे सरकवला. नाव, वय, कोणती वस्तू, आणि चौथा रकाना 'गरजेचे स्वरूप'.

"इथे काय लिहू?"

"बुटांसाठी सगळे लिहितात तेच लिहा. 'पायात काही नाही.'"

"पण मला बूट नकोयत. त्या खोक्यात बूट नाहीत, हार्ड डिस्क आहे."

"पावतीवर काय आहे?"

पावतीवर होतं, 'बूट, खोके १'. ते मीच सांगितलं होतं.

"मग बूटच," बाई म्हणाल्या. "वरती तुमची सही आहे."

एका बऱ्या पगाराच्या नोकरीतली बाई, पायात नव्या सँडल, उभी राहून सुवाच्य अक्षरात लिहिते आहे, 'पायात काही नाही'. मागे रांगेत एक आजोबा होते, खरोखर झिजलेल्या चपलांतले. त्यांनी आधी अर्जाकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, आणि सभ्यपणे भिंतीकडे बघायला लागले.

"नंबर?"

"आठ," मी म्हटलं. बाबांच्या पायाचा नंबर मला माहीत होता, याचं मलाच बरं वाटलं.

बाई आत जाऊन आल्या. "आठ नंबरात तसं खोकं नाही. जोडी आहे ना?"

"नाही, एकच आहे."

"एकच?" त्यांचा स्वर एकदम बदलला. "मग आधी सांगायचं ना. या आत."

कोठीच्या टोकाला एक फळी होती आणि तिच्यावर पाटी : 'जोडी नसलेले'. डावे बूट, उजव्या चपला, एक लहान मुलाचा लाल बूट. आणि त्यांच्यामध्ये बाबांचं खोकं, आत डिस्क. कोणीतरी तिची वायर तिच्याभोवती नाडी बांधावी तशी बांधली होती, वर सुरगाठ. खाली चिठ्ठी, 'बूट (?), १ नग'.

"हे तुम्ही टाकून का नाही दिलं?" मी विचारलं.

"जोडी नसलेलं आम्ही टाकत नाही," बाई म्हणाल्या. "कधीकधी दुसरं येतं मागाहून. नाही आलं तरी जागा फार लागत नाही त्याला."

मी एक बूट मिळाल्याची सही केली. बाहेर पडताना आजोबांनी खोक्याकडे बघून विचारलं, "बसले का नीट?" मी हो म्हटलं.

घरी मंडळी जमलेली होती. काका, दुरुस्तीवाला, आणि चपलेचं विसरून समोरच्या काकूसुद्धा. झाकणाच्या आतला कागद मी मोठ्याने वाचला : 'एक. आधी ही जोडावी. दोन. मग यंत्र चालू करून बारा क्रमांकाची कळ दाबून धरावी. तीन. यादीतील बाहेरचे नाव निवडावे. चार. चार मिनिटे लागतात. मध्ये काही दाबू नये. चहा करावा.'

आई चहा करायला गेली. आम्ही डिस्क जोडली, कळ दाबली, नाव निवडलं. दुसऱ्या मिनिटाला काका म्हणाले, "अडकलंय," आणि त्यांनी एक कळ दाबली. यंत्र बंद झालं.

"काका, मध्ये काही दाबायचं नाही, लिहिलंय."

"मी दाबलं नाही, नुसतं बोट ठेवलं."

दुसऱ्यांदा तिसऱ्या मिनिटाला काकूंनी टेबलाला टेकून वाकून बघितलं आणि वायर निसटली. तिसऱ्या वेळी दुरुस्तीवाल्याने सगळ्यांना हाताची घडी घालून भिंतीशी उभं केलं. आई आणि तो स्वतः धरून पाच माणसं, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. पडद्यावर एक ठिपका फिरत होता. बाबा ही चार मिनिटं रोज बघत असतील, एकटे, आणि दर रविवारी मला सांगत असतील, हा विचार मी तेव्हा केला नाही. माझ्या घरी परतताना केला.

पडदा उजळला. आई पदराला हात पुसत पुढे आली. निळ्या पाटीवर दोन नावं होती. एक 'मी'. दुसरं 'घाईबाई'.

काका पुढे वाकले. "ही कोण बाई?" मग त्यांच्या काहीतरी लक्षात आल्यासारखं झालं, आवाज खाली गेला. "वहिनी... तुम्हाला याची कल्पना होती?"

"पंचेचाळीस वर्षं आहे," आई म्हणाली. "मीच जन्म दिला तिला."

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि खोकले.

मी 'घाईबाई'वर बोट नेलं. परवलीचा शब्द विचारला. मला आठवत होती ती वेलांट्यांची सूचना, मीटिंगच्या खोलीचा दरवाजा, आणि माझं 'लिहिलं'. मी लिहून घेतलं नव्हतं. हातात पेनही नव्हतं.

चूक ज्याची त्यालाच माहीत असते. मी मनाने वसतिगृहाच्या पलंगावर जाऊन बसले आणि टंकलं, 'तिर्थरूप', पहिली वेलांटी. माझी खात्री होती. इतकी, की मी रुमाल काढून ठेवला होता.

चुकीचा शब्द, असं आलं. माझी चूकसुद्धा चुकीची निघाली. आणि खाली एक ओळ उमटली, विसरणाऱ्यासाठी मालकाने लिहून ठेवायची असते ती :

'लिहून घेतले नसणारच. मला विचार.'

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. दहा मिनिटांचं काम आहे. डिस्क काढतो, माझ्या मशीनला लावतो, आतलं सगळं बाहेर."

मी आईकडे बघितलं.

"त्यांनी विचार म्हटलंय," आई म्हणाली. "फोड नाही म्हटलं."

"वहिनी, पण विचारणार कोणाला?" काका म्हणाले.

आईने भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि उजळलेल्या पडद्यासमोर बसून राहिली. तिला तो चालू झालेला बघायचा होता.

याला आता पाच महिने होतील. मी दर रविवारी जाते. अंतर तेवढंच आहे, दोन तास. डिस्क जोडते, कळ दाबून धरते, चार मिनिटं हाताची घडी घालून उभी राहते, आई चहा करते. मग चुका करायला बसते. तिसऱ्या चुकीनंतर यंत्र थोडा वेळ थांबवतं, म्हणून मी दर रविवारी तीनच करते. आधी आठवडाभर विचार करते. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, नको तिथे काना. बाबांनी माझ्या परत पाठवलेल्या सगळ्या पत्रांत मिळून एकशे चौदा चुका होत्या. पत्रं काढून मोजल्या. काका खालून चिठ्ठ्या पाठवतात. त्यांना चुका मुद्दाम कराव्या लागत नाहीत. गेल्या रविवारी मला वाटलं, बाबांनी ठेवलेली मुद्दामची चूक म्हणजे एखादं टिंबच असेल, माझ्यासाठी दिलेलं. तेव्हापासून टिंबं देऊन बघते आहे.

केलेल्या चुका मी वहीत लिहून ठेवते, पुन्हा तीच नको म्हणून. आई शेजारी असते. "लिहिलंस?" ती विचारते. "वाचून दाखव." मी वाचून दाखवते.

परवा रस्त्यात दुरुस्तीवाला भेटला. गाडी थांबवून म्हणाला, "काय ताई, उघडलं की नाही अजून? येऊ का? दहा मिनिटं लागतील."

"राहू दे," मी म्हटलं. "घाई नाही."